खातं नसलेला खर्च

सोनाराच्या दुकानातला केर फुकट जात नाही. कानस चालवताना पडलेली धूळ, मुशीतली राख, हात धुतलेले पाणी, बसून बसून विरलेली चटई, सगळे जपून ठेवले जाते आणि ठरलेल्या दिवशी झारेकऱ्याच्या हवाली होते. तो ती माती पाण्यात घोळतो, झारतो आणि कण कण सोने वेगळे काढतो. कोल्हापूरच्या गुजरीत भल्या पहाटे गटाराच्या कडेचा गाळ घमेल्यात भरणारी माणसे पुष्कळांनी पाहिली असतील. त्या चिखलालाही गिऱ्हाईक आहे, कारण त्यातल्या ग्रॅमचा भाव रोज सकाळी पेढीवरच्या पाटीवर लागलेला असतो.

त्याच कोल्हापुरात, शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत, एखाद्या फाउंड्रीच्या भट्टीवरचे झाकण तासन्‌तास उघडे असते. हवेच्या पायपाचा एक जोड दिवसरात्र फुसफुसत असतो. धुण्याच्या हौदाचा नळ दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतही चालू राहतो. इथे झारेकरी फिरकत नाही. आणि फाउंड्रीचा मालक उधळ्या असतो असेही नाही. चहाच्या बिलावर सही करताना तो आकडा दोनदा वाचतो, भंगारवाल्याशी किलोमागे पन्नास पैशांसाठी हुज्जत घालतो. पण फुसफुसणाऱ्या हवेचा भाव कोणत्याच पाटीवर लिहिलेला नसतो. वीजबिल महिन्याला एक येते, एकरकमी येते, आणि त्यातला कोणता रुपया कामाला लागला नि कोणता छपरातून उडून गेला हे त्यावर छापलेले नसते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा हा प्रकार.

प्रस्तुत पुस्तक आहे ते या खाल्लेल्या पिठाबद्दल. कारखाना, हॉटेल, रुग्णालय, शीतगृह, छापखाना अशा कोणत्याही व्यवसायात वीज, इंधन, पाणी आणि कच्चा माल यांची जी गळती होते ती शोधायची कशी, तिची किंमत काढायची कशी आणि ती थांबवून त्याच पैशांत धंदा सुधारायचा कसा, हा त्याचा विषय. त्यातून धूर कमी होतो, नदीत कमी घाण जाते, हेही खरेच. पण लेखकांनी सुरुवात जमाखर्चाच्या वहीपासून केली आहे, आणि ते बरे झाले. ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकला की छोट्या उद्योजकाच्या डोळ्यांसमोर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते आणि पुढचे काही त्याच्या कानात शिरत नाही.

*

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्याला हा विषय एका तासात समजून घ्यायचा आहे त्याने गुरुवारी भोसरीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये जावे. यंत्रे बंद, दिवे बंद, वॉचमन खुर्चीत. मग कॉम्प्रेसर तेवढा चालू करायचा, टाकीत दाब पूर्ण होऊ द्यायचा आणि हातात घड्याळ घेऊन उभे राहायचे. हवा वापरणारे एकही यंत्र चालू नाही, म्हणजे दाब भरल्यावर कॉम्प्रेसरला परत लोड घ्यायचे कारण नाही. पण तो घेतो. समजा, दोन मिनिटे हवा भरतो, सहा मिनिटे गप्प बसतो, पुन्हा दोन मिनिटे भरतो. आठातली दोन मिनिटे म्हणजे पंचवीस टक्के. या कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा चौथा हिस्सा निव्वळ गळती भरून काढण्यात जातो आहे, आणि कामाच्या दिवशीही जातोच.

आता कान द्यायचे. एरवीच्या खडखडाटात न ऐकू येणारे फुसफुसणे आज सगळीकडून ऐकू येते. क्विक कपलरचा जोड, फिल्टर-रेग्युलेटरचे भांडे, अर्धवट उघडा ड्रेन व्हॉल्व्ह, तार गुंडाळून ‘तात्पुरता’ दुरुस्त केलेला रबरी पाइप. साबणाचे पाणी आणि रंगकामाचा ब्रश एवढ्या सामग्रीवर सगळी भोके सापडतात. बुडबुडे येतील तिथे खडूने खूण करायची. सात बार दाबाला तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जी हवा जाते ती तयार करायला साधारण तीन किलोवॉट वीज लागते. यंत्रणा वर्षाला सात हजार तास दाबाखाली असेल तर एकवीस हजार युनिट झाले. आठ रुपये दर धरला तरी एका भोकाचे बिल दीड लाखाच्या पुढे जाते. ते बुजवायला लागणारे फिटिंग दीडशे-दोनशे रुपयांत मिळते.

संकुचित हवा ही कारखान्यातली सर्वांत महागडी ऊर्जा आहे, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो आणि कामाला उरते ती थोडी. तरी तीच सर्वांत सढळ हाताने वापरली जाते. शिफ्ट संपताना कपड्यांवर हवा मारून धूळ झटकणे ही तर रीतच होऊन बसली आहे. शिवाय दाबाचा प्रश्न आहे. लांबच्या एका यंत्राला हवा पुरत नाही म्हणून कोणीतरी कॉम्प्रेसरचा दाब एक बारने वाढवून ठेवतो. एक बार म्हणजे सहा ते दहा टक्के जास्त वीज. ते यंत्र पुढे विकले जाते, दाब मात्र वाढवलेलाच राहतो.

*

वाया जाणाऱ्या वस्तूतून पैसा काढण्याची कल्पना नवी नाही. संगणकाचा आजोबा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार्ल्स बॅबेजने १८३२ साली कारखानदारीवर पुस्तक लिहिले, त्यात जनावरांच्या शिंगांचा तुकडा न् तुकडा कसा वापरला जातो याचे वर्णन आहे. दिव्याचा गॅस बनवताना उरणारे डांबर ही त्या काळी डोकेदुखी होती. १८५६ साली विल्यम पर्किनला त्याच डांबरातून निघालेल्या द्रव्यापासून जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचा अख्खा उद्योग त्यातून उभा राहिला. तेव्हा याला कोणी ‘हरित’ म्हणत नव्हते. तो नुसता धंदा होता.

आधुनिक अर्थाने हा विषय आकाराला आला १९७३ च्या तेलसंकटानंतर. त्याआधीच जपानमध्ये टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी ‘मुदा’ची, म्हणजे वायफळपणाची, सात रूपे सांगितली होती: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, विनाकारण वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हालचाल आणि सदोष माल. ओनोंना पर्यावरणाशी काही देणेघेणे नव्हते. पण न खपणारी वस्तू बनवली नाही तर तिच्यासाठी लागणारे पोलाद, वीज आणि रंगही वाचतात, हे ओघाने आलेच. तेलाचे भाव भडकल्यावर जपानने १९७९ मध्ये ऊर्जा वाचवण्याचा कायदाच केला. आपल्याकडे ‘कायझेन’, म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, हा शब्द पुण्या-नाशिकच्या वाहन उद्योगामार्फत आला आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांपर्यंत झिरपला. पुष्कळ ठिकाणी तो भिंतीवरच्या फलकापुरता राहिला, हेही नमूद करायला हवे.

दुसरी वाट रसायन कंपन्यांनी पाडली. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने १९७५ मध्ये ‘प्रदूषण टाळणे फायद्याचे असते’ अशा अर्थाचे नाव देऊन एक कार्यक्रम सुरू केला. धुराड्याला गाळणी बसवण्याआधी धूर होतोच का, हे विचारायचे. सांडपाणी शुद्ध करण्याआधी ते तयारच कशाला होते, हे पाहायचे. मात्र या वाटेवरची सर्वांत बोलकी गोष्ट डाऊ केमिकलच्या लुइझियानातल्या कारखान्याची आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केन नेल्सन नावाच्या अभियंत्याने तिथे एक स्पर्धा काढली. कामगार आणि पर्यवेक्षकांनी बचतीची कल्पना मांडायची. वर्षभरात पैसे वसूल होणारी असेल तर कंपनी ती राबवणार. पहिल्या वर्षी २७ प्रकल्प निवडले गेले आणि गुंतवणुकीवर सरासरी १७३ टक्के परतावा मिळाला. वरिष्ठांना वाटले, हे सोपे सोपे होते ते संपले, पुढच्या वर्षी काही उरणार नाही. स्पर्धा बारा वर्षे चालली आणि शेवटच्या वर्षांतला परतावा पहिल्या वर्षापेक्षा चढाच होता. नेल्सन निवृत्त झाले आणि ती बंद पडली. कल्पना संपल्या म्हणून नाही, विचारणारा माणूस गेला म्हणून.

तिसरा विचार एका कुंपणाच्या बाहेर पाहणारा. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर या छोट्या बंदरगावात वीजकेंद्राची वाफ शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला आणि औषध कंपनीला जाऊ लागली, शुद्धीकरणातला गॅस जिप्समचे तक्ते बनवणाऱ्याने घेतला, राख सिमेंटकडे गेली. १९६० च्या दशकापासून एकेक करार होत गेले. कोणी वरून आराखडा दिला नव्हता; पाण्याची टंचाई होती आणि व्यवस्थापक एकमेकांना ओळखत होते. पुढे अभ्यासकांनी त्याला ‘औद्योगिक सहजीवन’ असे नाव दिले, तोवर गावाने ते दोन-अडीच दशके करून दाखवले होते.

महाराष्ट्राला यासाठी डेन्मार्कपर्यंत जायची गरज नाही. १९५० साली प्रवरानगरला सुरू झालेल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्यापासून आजवरचा साखरपट्टा हे याच विषयाचे आपले पाठ्यपुस्तक आहे. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे चोथा, उरते, चाळीस-पंचेचाळीस किलो मळी, तीस-चाळीस किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळताना उरलेला गाळ. एके काळी बगॅस ही अडगळ होती. जुन्या कारखान्यांचे कमी दाबाचे बॉयलर मुद्दाम उधळपट्टीने ते जाळत, कारण उरले तर ठेवायचे कुठे? नंतर जास्तीची वीज विकता येऊ लागली तेव्हा तेच बगॅस जपून जाळणारे उच्च दाबाचे बॉयलर आले आणि अडगळीचे उत्पन्न झाले. मळीतून अल्कोहोल, मग इथेनॉल, प्रेसमड कंपोस्टमध्ये. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, त्यामुळे बाष्पीभवनातले पाणी नीट परत घेतले तर कारखान्याला बाहेरचे पाणी जवळजवळ लागू नये. किती कारखाने हे नीट करतात तो प्रश्न वेगळा. उपपदार्थाची किंमत धोरणावर अवलंबून असते, हेही याच पट्ट्याने शिकवले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि नवी गुंतवणूक करून बसलेल्या कारखान्यांचे धाबे दणाणले.

*

या विचारांच्या सगळ्या घराण्यांत एक घराणे फारसे कोणाला माहीत नाही, आणि तेच या पुस्तकाच्या सर्वांत जवळचे आहे. ते हिशेबनिसांचे.

जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे बर्न्ड वाग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. कारखान्यात शंभर किलो माल आला आणि सत्तर किलोचे उत्पादन बाहेर गेले, तर उरलेल्या तीस किलोंवर खर्च किती झाला? नेहमीचा हिशेब म्हणतो, भंगाराचे जे पैसे आले ते वजा करा, झाले. वाग्नर म्हणाले, तसे नाही. त्या तीस किलोंची खरेदी झाली, ते गोदामात राहिले, त्यांच्यावर वीज जळली, मजुरी पडली. तो सगळा खर्च त्यांच्या नावावर टाका. या पद्धतीत चांगला माल हे एक उत्पादन आणि वाया गेलेला माल हे दुसरे, उणे चिन्हाचे उत्पादन. जपानने ही पद्धत उचलली. निट्टो डेंको या चिकटपट्ट्या बनवणाऱ्या कंपनीत २००० च्या सुमारास तिचा प्रयोग झाला, तेव्हा एका उत्पादन-ओळीवरच्या एकूण खर्चातला जवळजवळ एक तृतीयांश भाग या उणे उत्पादनावर होत असल्याचे दिसले. २०११ मध्ये या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानकही आले.

आता पुन्हा फाउंड्रीत येऊ. कास्टिंग सदोष निघाले, रिजेक्ट झाले, तर मालक फारसा चिडत नाही. ‘वाया कुठं जातंय? परत भट्टीत टाकायचं.’ लोखंड खरेच परत भट्टीत जाते. पण ते वितळवायला टनाला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागली होती, तीही परत येते का? साच्याची वाळू, बेंटोनाइट, कोअर, मोल्डरचे श्रम, शॉट ब्लास्टिंग, फेटलिंग? शिवाय ओतलेल्या धातूतला मोठा हिस्सा साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत, म्हणजे रनर आणि रायझरमध्येच जमतो आणि तोही पुन्हा वितळवावा लागतो. शंभर किलो धातू ओतून साठ-पासष्ट किलोच विकला जात असेल, तर वितळवण्याच्या विजेतला तिसरा हिस्सा कारखान्याच्या आत गोल गोल फिरतो आहे. त्याला जमाखर्चात खाते नाही म्हणून तो दिसत नाही. रायझरची रचना सुधारून हे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढवणे हा नव्या भट्टीपेक्षा स्वस्त उपाय ठरू शकतो, पण भट्टी विकणारा फिरता विक्रेता असतो आणि रायझर सुधारायला सांगणारा कोणी येत नाही.

हीच गत मोटरची. दहा हॉर्सपॉवरची मोटर वर्षाला सहा हजार तास पाऊण भाराने चालली तर अडतीस हजार युनिटच्या घरात वीज घेते, म्हणजे तीन लाख रुपये. मोटरची किंमत त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शाइतकी. तरी खरेदी करताना घासाघीस होते ती किमतीवर, आणि जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडे जाते, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. नीट काम झाले नाही तर दर खेपेला कार्यक्षमता एखाद-दोन टक्क्यांनी उतरते. स्टोअरच्या खात्यात पैसे वाचल्याचे दिसते. विजेच्या खात्यात ते जातात, पण ते खाते दुसऱ्याचे.

वाफेचे गणित याहून साधे आहे. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे तापमान सहा अंशांनी वाढले की इंधन सुमारे एक टक्क्याने वाचते. इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये किंवा सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात वाफ काम करून पुन्हा पाणी होते. ते गरम असते, जवळजवळ डिस्टिल्ड असते. ते गटारात सोडून तीस अंशांचे नवे पाणी भरणे, आणि ते आधी मऊ करण्यासाठी वेगळा खर्च करणे, हा प्रकार अजूनही अपवाद म्हणण्याइतका विरळ झालेला नाही. परत आणून पाणी ऐंशी अंशांवर नेले तर आठ टक्के इंधन वाचलेच. वाफेच्या या शास्त्रात थरमॅक्स आणि फोर्ब्ज मार्शल या पुण्याच्या दोन कंपन्यांचे नाव देशभर आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

*

मग सगळेजण हे का करत नाहीत? अर्थशास्त्रज्ञ यावर तीसेक वर्षे भांडत आहेत. मायकेल पोर्टर यांनी १९९० च्या दशकात मांडले की कडक पर्यावरण नियम उद्योगाला मारत नाहीत, उलट झोपेतून उठवतात. विरोधकांनी विचारले, रस्त्यावर पैसे पडले असते तर कोणी उचलले नसते का? दोघांचेही थोडे थोडे बरोबर आहे. पैसे पडलेले आहेत, पण वाकायला वेळ नाही, दिवा नाही आणि पुष्कळदा पडलेला पैसा दुसऱ्याचा असतो. भाड्याच्या गाळ्यात छपरातून उजेड आणायचा खर्च गाळामालकाने करायचा आणि विजेची बचत भाडेकरूची, मग करणार कोण? लहान उद्योजकाकडे भांडवल असते ते ऑर्डर पुरी करण्यापुरते. बँकेला नवे यंत्र तारण म्हणून समजते, ‘न जळलेली वीज’ समजत नाही. त्यावर बचतीतूनच फी घेणाऱ्या ऊर्जा सेवा कंपन्यांचा उपाय निघाला, पण बचत किती झाली यावरून वाद होतात, कारण आधीचे मोजमापच कोणी ठेवलेले नसते.

एक शंका मात्र फार जुनी आणि फार खोल आहे. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवले की वाफेची यंत्रे कोळसा जपून वापरू लागली तसा इंग्लंडचा कोळशाचा एकूण खप वाढत गेला, कमी झाला नाही. स्वस्त झाले की जास्त वापरले जाते. आजही एलईडीमुळे वीज वाचली म्हणून आणखी चार दिवे लावणारे दुकान शोधायला लांब जायला नको. जमाखर्चाने धंद्याचे भले होईल, पृथ्वीचे आपोआप होईलच असे नाही. ही मर्यादा पुस्तकात कुठेही झाकलेली नाही. तसेच, सगळ्याच हिरव्या गोष्टी पैसे वाचवत नाहीत. रंगारी कारखान्याने सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची यंत्रणा बसवली तर तिला खर्च येतो, वीज लागते, आणि तो खर्च नदीसाठी करायचा असतो. पंचगंगेच्या काठच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. बचतीच्या नावाखाली तो टाळणे ही लबाडी होय.

भारतात सरकारी पातळीवर या विषयाचा पाया २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने घातला. त्यातून पुढल्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो आला. ‘पॅट’ या योजनेच्या २०१२ ते २०१५ च्या पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्य दिले गेले आणि त्यांनी ते ओलांडून ८६.७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचवली. सरकारने घाऊक खरेदी केल्यामुळे एलईडी दिव्याचा खरेदीभाव २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला, हे तर घराघरात माहीत आहे. पण लहान उद्योग या जाळ्याच्या बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी झालेले काम तुटक आहे, तरी काही उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. ‘टेरी’ या संस्थेने हावड्याच्या फाउंड्र्यांसाठी दुहेरी झोताची कुपोला भट्टी बनवली तेव्हा कोकचा वापर एक तृतीयांशाच्या आसपास घटला. ताजमहालाच्या परिसरात कोळसा जाळण्यावर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यावर फिरोजाबादच्या काचभट्ट्या वायूवर नेण्याचे तंत्रही त्याच संस्थेने घडवले.

*

हे सगळे आत्ताच मराठीत का यावे, याची कारणे वहीतच आहेत. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएच पद्धतीने येते, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असेल तर त्याची किंमत प्रत्येक युनिटमागे मोजावी लागते. कपॅसिटर बँक बिघडलेली आहे हे पूर्वी बिलातल्या एका ओळीवरून कळे. आता ते सगळ्या बिलात मिसळून जाते. कोणत्या तासाला वीज वापरली यावर दर बदलतो, त्यामुळे भट्टी दुपारी पेटवायची की संध्याकाळी, हा निर्णय आता फोरमनचा राहिलेला नाही.

पाण्याचे तर विचारूच नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांचे पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडायचा आदेश दिला. एका लिटर मालामागे किती लिटर पाणी लागते हा आकडा ज्याच्या जिभेवर होता, तो त्या उन्हाळ्यात निदान बोलू तरी शकत होता.

आणि आता गिऱ्हाईकच विचारू लागले आहे. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या नियमांमुळे देशातल्या पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून ऊर्जा, पाणी, कचरा यांचा तपशील जाहीर करावा लागतो. त्या तो आपल्या पुरवठादारांकडून मागतात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा आयात मालाच्या कार्बनची नोंद मागायला सुरुवात केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर पैसे मोजण्याचा टप्पा आला. चाकणच्या किंवा सातपूरच्या चाळीस कामगारांच्या कारखान्याला एके दिवशी ईमेलवर एक एक्सेल शीट येते: गेल्या वर्षी वीज किती युनिट, डिझेल किती लिटर, घातक कचरा किती किलो. ती शीट बहुधा अकाउंट्समधल्या मुलाकडे सरकवली जाते आणि तो अंदाजे आकडे भरतो. अंदाजे भरलेला आकडा पुढच्या वर्षी गळ्याशी येतो.

*

या विषयावर इंग्रजीत पुस्तके पुष्कळ आहेत, पण ती एक तर ऊर्जा लेखापरीक्षकांच्या परीक्षेसाठी लिहिलेली असतात, नाहीतर मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांसाठी. मधल्या माणसाला, म्हणजे शिफ्ट सांभाळणाऱ्या सुपरवायझरला, आयटीआय झालेल्या मेंटेनन्सवाल्याला, पन्नास खोल्यांचे लॉज चालवणाऱ्या मालकिणीला, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला धरून मराठीत सलग असे काही नव्हते. या पुस्तकाने ती जागा घ्यायचे ठरवले आहे. शब्द कारखान्यातलेच ठेवले आहेत. ‘संपीडक’ नाही, कॉम्प्रेसर. ‘द्रवशोषक’ वगैरे घडवलेले शब्द नाहीत. सूत्रे आहेत, पण प्रत्येकाशेजारी रुपयांत सोडवलेले उदाहरण आहे.

लेखकांचा एक आग्रह जागोजाग दिसतो, तो असा की यंत्र घेण्याआधी पाइप पाहा. त्याला आधार असलेली गोष्ट इंटरफेस या गालिचे बनवणाऱ्या कंपनीची. १९९० च्या दशकात तिचा शांघायमधला कारखाना उभा राहत होता. एका अभिसरण यंत्रणेसाठी आराखड्यात एकूण ९५ हॉर्सपॉवरचे पंप होते. यान स्खिलहाम या अभियंत्याने पाइप जाड केले, आधी पाइप सरळ टाकून मग त्याच्या सोयीने यंत्रे मांडली, वळणे कमी केली. पंपांची गरज ७ हॉर्सपॉवरवर आली. कोणतेही नवे तंत्रज्ञान नाही, फक्त क्रम उलटा. आपल्याकडे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, बसवणे हा हल्ली रामबाण उपाय समजला जातो. पंख्याचा वेग वीस टक्क्यांनी कमी केला तर वीज जवळजवळ निम्मी होते हे शास्त्र खरेच आहे, पण मुळात पंखाच दुप्पट मोठा घेतलेला असेल तर नाकापेक्षा मोती जड व्हायचा.

काही बाबतींत पुस्तक मुद्दाम हात आखडते. छपरावरच्या सौर पॅनेलला त्यात थोडकीच जागा आहे. त्याचे विक्रेते भरपूर आहेत आणि गळक्या हौदात नवा नळ सोडण्याआधी हौद लिंपावा, अशी लेखकांची भूमिका दिसते. ती सर्वांना पटेल असे नाही. आजचे सौर दर पाहता काहींना ती हट्टी वाटेल. हॉटेलांचा भाग मात्र अपेक्षेपेक्षा मोठा आहे, आणि तळणाच्या जुन्या तेलाचे काय करायचे इथपासून शीतकपाटाच्या दाराच्या रबरी पट्टीपर्यंत तो जातो. पट्टी नीट बसते का, हे पाहायला दहा रुपयांची नोट दारात धरून ओढायची. सहज निसटली तर पट्टी बदलायची.

पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाआधी एक पान कोरे सोडले आहे. त्यावर तीनच रकाने आखलेले आहेत: कॉम्प्रेसर किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, आणि शेवटचा, ‘कुठून आवाज आला’. लेखकांची विनंती अशी की वाचकाने पुढचे पान उलटण्याआधी येत्या सुट्टीच्या दिवशी घड्याळ, खडू, साबणाचे पाणी आणि ब्रश घेऊन आपल्या शेडमध्ये जावे, वॉचमनला सोबत घ्यावे आणि ते पान भरून आणावे. वॉचमनला सोबत घ्यायचे कारण त्यांनी खाली बारीक अक्षरांत दिले आहे: रात्रभर तिथे तोच असतो, कोणता जोड फुसफुसतो ते त्याला आधीपासून माहीत असते, आणि त्याला आजवर कोणी विचारलेले नसते.